सोलापूरच्या वॉर्डात नर्सनी कशावर संशोधन करावं?

उत्तरकसबा
नमस्कार. मी सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे आणि सध्या एम.एस्सी. नर्सिंग करतेय. प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आलीय, म्हणून हा धागा.

कॉलेजच्या ग्रंथालयात जुने प्रबंध चाळले. बहुतेकांचा साचा एकच. अमुक आजाराबद्दल मातांना नाहीतर विद्यार्थ्यांना तासभर शिकवायचं, आधी एक प्रश्नपत्रिका, आठवड्यानं परत तीच प्रश्नपत्रिका, निष्कर्ष काय तर ज्ञान वाढलं. वाढणारच! पण त्यानं एका तरी पेशंटची जखम लवकर भरली का, एकाचा तरी ताप टळला का, हे त्यात कुठेच नसतं. मलाही असाच विषय सुचवलाय, कारण तो वेळेत संपतो.

माझं मत स्पष्ट आहे. नर्सिंगचं संशोधन कॉटपाशी सुरू व्हायला हवं. आम्ही रोज शंभर गोष्टी करतो, त्यातल्या कितीतरी निव्वळ "आधीपासून असंच करतात" म्हणून. हातातली इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) किती दिवसांनी बदलायची? ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा का बंद? झोपून असलेल्या पेशंटची कूस दोन तासांनीच का बदलायची, तीन का नाही? यातल्या काही प्रश्नांवर जगात चांगलं काम झालंय, पण ते आमच्या वॉर्डाच्या दारापर्यंत पोचलेलं नाही.

तर विचारायचं हे, की तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक म्हणून दवाखान्यात राहिला असाल तर शुश्रूषेतली कोणती गोष्ट सुधारायला हवी असं वाटलं? आणि इथे जे नर्स, डॉक्टर आहेत त्यांनी सांगा, एका वॉर्डात, वर्षभरात, पैशाशिवाय काय तपासता येईल?

भैय्याचौक
फार चांगला विषय काढलात ताई. माझा अनुभव उपाशी ठेवण्याचाच आहे. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, एका खाजगी दवाखान्यात. रात्रीच्या जेवणानंतर काही द्यायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही, असं सांगितलं. सकाळी पहिला नंबर म्हणाले होते. मधे दोन तातडीच्या केसेस आल्या आणि वडिलांना आत घेईपर्यंत दुपार टळून गेली. मे महिना, वय सत्तरच्या पुढं. ओठ सुकून पांढरे पडले होते. मी सिस्टरांना तीनदा विचारलं, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "ऑर्डर एनबीएमची, म्हणजे तोंडावाटे काहीच न देण्याची आहे, मी कसं देऊ?" त्यांचंही बरोबर होतं. पण इतका वेळ कोरडं ठेवायची खरंच गरज असते का?

डॉ_रातपाळी
काका, गरज नसते. भूल दिल्यावर पोटातलं फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, तो धोका खरा आहे. पण पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ सालीच सांगितलं की नियोजित ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी, दूध न घातलेला चहा असं पारदर्शक द्रव चालतं, हलक्या खाण्याला ६ तास पुरतात, तेलकट-जड असेल तर ८. तातडीचं ऑपरेशन, गरोदरपण, खूप वर्षांचा मधुमेह यांत वेगळा विचार करावा लागतो आणि शेवटचा शब्द भूलतज्ज्ञाचा.

मग वॉर्डात अजून "रात्रीपासून बंद" का चालतं? कारण उद्याची यादी कशी हलेल हे कुणालाच ठाऊक नसतं. ६ वाजता पाणी दिलं आणि ७ ला बोलावणं आलं तर सिस्टरवर राग निघतो. त्यामुळे ती सगळ्यांनाच उपाशी ठेवते.

उत्तरकसबा, हा तुमच्यासाठी सोपा विषय आहे बघा. प्रत्येक पेशंटच्या फक्त दोन वेळा लिहायच्या, शेवटचं पाणी कधी प्यायला आणि भूल कधी दिली. एवढा आकडा भिंतीवर लागला तरी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यादीबद्दल एकमेकांशी बोलू लागतील.

हुरडा_पार्टी
बिनदुधाचा चहा सोलापूरच्या माणसाला पाजायचा म्हणजे त्याची वेगळी संमती घ्यावी लागेल :)

जुनी_मेट्रन
मी निवृत्त परिसेविका. धागा वाचून राहवलं नाही, थोडं सविस्तर लिहिते.

माझ्या मते विषय एकच, बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा. आम्ही शिकत होतो तेव्हा बॅक केअर म्हणजे स्पिरिट लावून पाठ खसाखसा चोळायची, वर पावडर टाकायची. माकडहाडाखाली रबरी रिंग द्यायची. सगळीकडे तसंच शिकवलं जाई. पुढे अभ्यास झाले आणि कळलं की जिथे कातडी लाल झालीय तिथे चोळलं तर आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी दुखावतात. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. रिंगच्या कडेनं गोल दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. आज मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय, तरी अजून कितीतरी ठिकाणी नातेवाइकांना चिठ्ठी मिळते: स्पिरिट, पावडर, रिंग.

१९८७ मध्ये ब्रॅडन आणि बर्गस्ट्रॉम या अमेरिकेतल्या दोन परिचारिका-संशोधकांनी एक मोजपट्टी दिली. संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलायची ताकद, आहार आणि घासणं, असे सहा मुद्दे, गुण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त. भरायला दोन मिनिटं लागतात, यंत्र लागत नाही. पेशंट दाखल होतानाच ही भरली तर कुणाकडे आधी लक्ष द्यायचं ते कळतं. जखम झाल्यावर सगळेच धावतात.

आणि यंत्राशिवाय काय होऊ शकतं हे आपल्या महाराष्ट्रानं पाहिलंय. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग जवळजवळ ४२ वर्षं, १९७३ ते २०१५, अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सोपवत त्यांना सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या सेवेची मनापासून वाखाणणी केली. इतकी वर्षं पडून राहिलेल्या माणसाची कातडी शाबूत राखणं म्हणजे काय, हे ज्यानं एकदा तरी बेडसोरचं ड्रेसिंग केलंय त्यालाच कळेल.

ब्रदर_नाइटड्युटी
मेट्रन मॅडम, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो, ब्रॅडन भरणार कोण? कूस बदलणार कोण? रात्री एका स्टाफकडे अख्खा वॉर्ड असतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. कुणाच्या ड्युटीत हे दिसतं सांगा. आधी माणसं भरा, मग संशोधन करा. नाहीतर आणखी एक फॉर्म वाढेल, तो ड्युटी संपताना एका दमात भरला जाईल आणि वर म्हणतील, सगळं व्यवस्थित आहे.

खोटं वाटत असेल तर कुठल्याही वॉर्डातले टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट बघा. सगळ्यांचा श्वास मिनिटाला २०. म्हाताऱ्यांचाही २०, दमेकऱ्यांचाही २०. एक मिनिट छातीकडं बघत उभं राहायला वेळच नसतो की ओ!

डॉ_रातपाळी
श्वासाचं अगदी खरं. आणि पेशंट बिघडायच्या आधी बहुतेक वेळा पहिला बदल श्वासातच होतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासून जी पूर्वसूचना गुणपद्धती वापरतात तिच्यात श्वासाची गती सगळ्यात वर आहे. चार्टवर सरसकट २० असलं की ती सूचना आपण स्वतःहून बंद केली असं होतं.

आकडेमोड
(मूळ बाळीवेस, सध्या पुणे. संख्याशास्त्र शिकवतो.)

ब्रदर, "आधी माणसं, मग संशोधन" हे मला पटत नाही, कारण माणसं मागायला जो पुरावा लागतो तो संशोधनातूनच आलाय. लिंडा एकेन या स्वतः परिचारिका. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं की नर्सच्या वाट्याला सरासरी एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत पुन्हा तसंच काहीसं दिसलं, शिवाय पदवीधर नर्सचं प्रमाण जिथे जास्त तिथे मृत्यू कमी. हे आकडे हातात असल्यामुळे तिथल्या संघटना सरकारशी भांडू शकतात. आपल्याकडे भांडताना फक्त तळमळ असते. आकडाही हवा.

आता उत्तरकसबांनी विचारलेल्या कूस बदलायच्या दोन तासांबद्दल. त्याच बर्गस्ट्रॉम बाईंनी २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २७ शुश्रूषागृहांत ९४२ वृद्धांवर प्रयोग केला. चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट पाडले, कूस २, ३ किंवा ४ तासांनी बदलली. बेडसोरमध्ये ठळक फरक आढळला नाही. म्हणजे दोन तासांचा नियम दगडावरची रेघ नाही.

जुनी_मेट्रन
आकडेमोड, तो अभ्यास मी वाचलाय. त्यातले सगळे वृद्ध दाट फोमच्या चांगल्या गादीवर होते. आपल्याकडे रेक्झिनची गादी, कुठे मधे खड्डा पडलेली, वर मॅकिंटॉश (रबरी कापड), त्यावर ओली चादर, आणि बाहेर ४२ डिग्री. घामानं पाठ भिजलेली असते. तिथला "चार तास चालतात" इथे आणून लावला तर आठवड्यात माकडहाड उघडं पडेल. म्हणून तर म्हणते, आपल्या गादीवर, आपल्या उन्हाळ्यात, आपण मोजलं पाहिजे.

आकडेमोड
मान्य. शंभर टक्के मान्य. गादीचा मुद्दा मी सांगायला हवा होता.

पद्मा_अशोकचौक
मी नर्स नाही, डॉक्टर नाही. आमच्या सासूबाई आयुष्यभर विड्या वळायच्या. त्यांना फक्त तेलुगू येतं, मराठी कामापुरतं. दवाखान्यात सिस्टर विचारायच्या, "आजी, दुखतंय का?" त्या मान हलवायच्या. "गोळी घेतली का?" परत मान हलवायच्या. सगळ्याला हो. मी संध्याकाळी गेल्यावर कळायचं की दुपारपासून पोटात कळा येत होत्या आणि गोळी उशीखाली होती.

आपल्या गावात वॉर्डात चार भाषा असतात, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. अक्कलकोटकडचे लोक कन्नड बोलतात, आमच्याकडे तेलुगू. नातेवाईक नसतील त्या वेळी या पेशंटना दुखतं ते कसं कळतं, हे कुणी तपासलंय का? माझ्या मते हाच विषय घ्या.

उत्तरकसबा
पद्माताई, खूप महत्त्वाचं सांगितलंत. मुलांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी असते, बोट ठेवून दाखवायचं. मोठ्यांनाही ती चालते. आमच्या वॉर्डात तेलुगू येणारी एक मावशी आहे, तिच्यावरच सगळा भार. तिची साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशी काय होतं ते मी बघते.

ब्रदर, तुमचं दुखणं माझंही आहे. म्हणूनच असा विषय शोधतेय की ज्यात नवा फॉर्म वाढणार नाही, उलट एखादं काम कमी होईल.

सांगोल्याचं_डाळिंब
मला एक भीती वाटते, स्पष्ट लिहितो. गरीब माणूस सरकारी दवाखान्यात जातो तो बरा व्हायला. तिथे त्याच्यावर प्रयोग करायचे, एकाला हे द्यायचं, दुसऱ्याला ते द्यायचं, हे बरोबर आहे का? त्याला काय कळतं सही कशावर केली ते? आमच्या चुलत्यांचा अंगठा घेतला होता एका कागदावर, घरी कुणाला आजवर ठाऊक नाही तो कशाचा.

डॉ_रातपाळी
प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. थोडक्यात सांगतो.

कुठलाही अभ्यास सुरू करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, त्यांनुसार समितीत निदान सात जण, त्यात एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा, एक तरी महिला, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. २००९ पासून चाचण्यांची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी करावी लागते. ती वेबसाइट कुणालाही उघडता येते, तुम्हालाही. पेशंटला त्याच्या भाषेतलं माहितीपत्र मिळालं पाहिजे. लिहितावाचता येत नसेल तर बाहेरच्या साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं. आणि मधेच "मला नको" म्हटलं तर उपचारात कसलीही कसर होता कामा नये.

चुलत्यांच्या बाबतीत कागदाची प्रत मिळायला हवी होती, तो तुमचा हक्क होता. उपचाराच्या संमतीचा कागद वेगळा आणि संशोधनाचा वेगळा, हेही लक्षात ठेवा.

पद्मा_अशोकचौक
ते माहितीपत्र तेलुगूत असतं का डॉक्टर?

डॉ_रातपाळी
असायला हवं. नसेल तर समितीनं परवानगी देऊ नये. दुभाष्याच्या तोंडी सांगण्यावर भागवू नये.

बार्शीकर
आमच्याकडे बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल असल्यामुळे लांबून आलेले नातेवाईक महिनोन्महिने राहताना पाहिलेत. मला वाटतं सगळे एक गोष्ट विसरताहेत. आपल्या दवाखान्यात निम्मी शुश्रूषा नातेवाईक करतात. भरवणं, पुसणं, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं, कूस बदलणं, सलाईन संपत आलं की पळत जाऊन सांगणं. त्यांना कुणी धड शिकवत नाही आणि गर्दी करता म्हणून ओरडा मात्र त्यांनाच.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, पाजत राहा म्हणाले. मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. तेव्हा कितीतरी मोठ्या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. नोंदी ठेवल्या होत्या म्हणून जगाला मानावं लागलं.

म्हणून उत्तरकसबा ताई, "शिकवण्याचा कार्यक्रम" म्हणून नाक मुरडू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवलंच ना? पण त्यांनी बायकांची परीक्षा घेऊन पेपर तपासत बसण्याऐवजी बाळं मोजली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. शिकवा, खुशाल शिकवा, पण मोजायचं ते पेशंटचं.

उत्तरकसबा
बार्शीकर, हा प्रतिसाद मी छापून गाइडना दाखवणार आहे. "मोजायचं ते पेशंटचं" हेच मला पहिल्या पोस्टमध्ये म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं सांगितलंत.

हुरडा_पार्टी
अवांतर: भैय्या चौकाचं नाव आलंच आहे तर, तिथल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात कितीजण गेलेत?

भैय्याचौक
आम्ही शेजारीच! नातवंडांना आवर्जून नेलंय. १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय फक्त ३२. या धाग्याला शोभेल अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान नर्सिंग शिकवायच्या. चीनमध्ये सेवा केलेल्या कॅनडाच्या डॉ. बेथून यांच्या नावाच्या संस्थेत दोघं बरोबर काम करायचे. गावात कोटणीसांचं नाव सगळ्यांना माहीत, बाईंचं फार थोड्यांना.

जुनी_मेट्रन
भैय्याचौक, हे मलाही ठाऊक नव्हतं. नर्सिंगच्या मुलींची सहल तिथे न्यायला हवी.

ब्रदर_नाइटड्युटी
अवांतर पुरे, मूळ प्रश्नाकडं येतो. ताई, काम कमी होईल असा विषय पाहिजे ना? इंट्राकॅथ घ्या.

आमच्याकडं नियम असा की तिसऱ्या दिवशी बदलायची. चांगली चाललेली, लाली नाही, सूज नाही, तरी काढायची आणि म्हाताऱ्या माणसाला परत टोचायचं. केमो घेतलेल्या पेशंटच्या शिरा मिळतच नाहीत, तीन-तीन वेळा टोचावं लागतं, ते रडतात, आपलाही जीव कासावीस होतो. आणि दुसऱ्या बाजूनं, एप्रिल-मे मध्ये तिसरा दिवस उजाडायच्या आत ती निघूनच येते. घामानं चिकटपट्टी सुटते. मग सुई हलते, हात सुजतो, सलाईन बाहेर. उन्हाळ्यात निम्मी रात्र मी पट्ट्याच चिकटवत असतो.

डॉ_रातपाळी
ब्रदर, यावर उत्तम काम झालंय आणि तेही नर्सनीच केलंय. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये क्वीन्सलंडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ पेशंटवर तुलना केली. एका गटाची इंट्राकॅथ तिसऱ्या दिवशी ठरवून बदलली, दुसऱ्याची फक्त गरज पडली तरच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे ठरवून टोचण्यानं फायदा झाला नाही.

पण लगेच नियम मोडू नका. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी "गरज पडली तरच" हे धोरण घेतलं, तेव्हा रक्तातले जंतुसंसर्ग वाढलेले दिसले आणि जुनी पद्धत परत आणल्यावर ते कमी झाले. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माझा निष्कर्ष असा, की "गरज पडली तर" म्हणायचं असेल तर दर पाळीला कुणीतरी ती जागा खरोखर बघितली पाहिजे. बघणार नसाल तर तिसरा दिवसच बरा.

सांगोल्याचं_डाळिंब
हे मात्र करा. यात कुणाला औषध द्यायचं नाही, नुसतं बघायचं आहे. आणि टोचणं वाचलं तर पेशंट दुवाच देईल.

उत्तरकसबा
ठरलं. वरचं सगळं दोनदा वाचलं, सकाळी गाइडशीही बोलले. बेडसोरचा विषय मनातून गेलेला नाही मेट्रन मॅडम, पण त्याला जास्त माणसं आणि जास्त वेळ लागेल. इंट्राकॅथ मी एका वॉर्डात झेपवू शकते.

आराखडा असा. पहिल्या टप्प्यात काहीच बदलायचं नाही, नुसतं नोंदवायचं. इंट्राकॅथ कधी लावली, कधी निघाली आणि का निघाली: ठरल्या दिवशी काढली, सूज आली, बंद पडली, की पट्टी सुटून आली. नवा कागद नाही. पाळी बदलताना ओव्हर (पुढच्या नर्सकडे ताबा) देताना आपण पेशंटपाशी जातोच, तेव्हाच दोघींनी मिळून जागा बघायची आणि असलेल्या चार्टवर एक खूण करायची. हिवाळ्याचे दोन महिने आणि एप्रिल-मे. उन्हाळ्यात खरंच जास्त निघतात का, हे आधी कळू दे. तसं दिसलं तर दुसऱ्या टप्प्यात पट्टी चिकटवायची पद्धत बदलून बघायची, आणि त्यासाठी समितीकडे वेगळा अर्ज. माहितीपत्र मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. पद्माताई, तेलुगू वाचून बघाल का? सासूबाईंना वाचून दाखवा, त्यांना समजलं तर सगळ्यांना समजेल.

पद्मा_अशोकचौक
पाठवा. आनंदानं बघते. सासूबाईंच्या दोन मैत्रिणी पण आहेत, तिघींना बसवते.

आकडेमोड
आराखडा चांगला आहे. तीन सूचना. एक, "किती टक्के निघाल्या" एवढंच मोजू नका, किती तास टिकली ते मोजा. काही पेशंट दुसऱ्या दिवशीच घरी जातात, त्यांना धरलं नाही तर हिशेब वाकडा होईल, त्याची पद्धत मी शिकवेन. दोन, किती पेशंट लागतील ते आधी काढू या, नंतर नाही. दोन आठवड्यांच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर मला अंदाज येईल, पैसे वगैरे काही नको. तीन, रात्री पंखा चालू होता की लाइट गेली होती, हे लिहा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रश्न घामाचा आहे.

जुनी_मेट्रन
आणखी एक रकाना घाल बाळ, कोणता हात. उजव्या हातात लावली की पेशंट भाकरी मोडताना मनगट वाकवतो, सुई हलते. डाव्या हातात, मनगटाच्या वर, सांध्यापासून दूर लावलेली जास्त टिकते असं मी आयुष्यभर बघितलंय, पण कधी लिहून ठेवलं गेलं नाही. तू लिही. बेडसोरचं पुढच्या बॅचच्या मुलीला सांग, मी मदतीला येईन.

ब्रदर_नाइटड्युटी
माझ्या वॉर्डाच्या नोंदी मी देतो. इनचार्ज सिस्टरांशी बोललो, त्या हो म्हणाल्या. मात्र गादीची तक्रार मी वेगळी लिहून देणार आहे, ती कुठल्या प्रबंधासाठी थांबवणार नाही.

उत्तरकसबा
ब्रदर, त्या तक्रारीवर माझीही सही घ्या. कोणता हात, मनगट की वर, पंखा, तिन्ही रकाने घातले. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मंजुरी आली की इथेच कळवते.